भामाबाईंची भाकरी, हिंमतरावांची पोटरी

भामा पहिल्यांदा हैदराबादेत आली ती १९४८ च्या उन्हाळ्यात. उदगीरकडच्या सावरगावातून निघताना तिच्याजवळ एक गाठोडं होतं, पितळेची दोन भांडी होती आणि डोक्यावर भाकरी थापायची बाभळीच्या लाकडाची काटवट होती. बाकी सगळं मागं राहिलं. त्या वर्षी निजामी राज्यातल्या जाळपोळीच्या भीतीनं गावागावांतून लोक उठून जात होते. कुणी सोलापूरच्या बाजूला छावणीत गेले, कुणी नातेवाइकांकडे गेले. हिंमतराव, म्हणजे भामाचा नवरा, म्हणाला, "आपुन शहरातच जाऊ. गर्दीत माणूस दिसत नसतंय." घराचं छप्पर कुणीतरी पेटवून दिलं होतं. बैल आधीच विकले होते. शेत होतं, पण पडीक.

हिंमतरावाला एक हुन्नर येत होता. उदगीरच्या एका जिनिंगच्या कारखान्यात चार हंगाम त्यानं लॉरी चालवली होती. त्या जोरावर हैदराबादेत सरकारी बसवर त्याला ड्रायव्हरचं काम मिळालं. काम हंगामी होतं, पण खाकी कपडे मिळाले, आणि डोक्यावर टोपी आली. गौलीगुड्यात एकनाथराव नावाच्या पेशकारांच्या, म्हणजे कचेरीतल्या कारकुनांच्या, आवारात त्यांनी एक खोली भाड्यानं घेतली. एकनाथरावांचं घराणं तीन पिढ्या सरकारी नोकरीतलं. कचेरीतली उर्दू आणि घरातली मराठी यांची त्यांच्याकडे अशी काही मिसळ झाली होती की त्यांच्या पत्नी इंदुताई देवाला नमस्कार करतानाही "जरा मेहेरबानी असू द्या" म्हणायच्या.

त्या आवाराची आठवण काढली की भामाबाईंना म्हातारपणीही आधी वास आठवायचा. मागच्या बाजूला बेगम बाजार. वारा तिकडून आला की हळद, मिरची, गूळ, चिंच असं सगळं एकदम नाकात यायचं. मधोमध पेरूचं झाड, त्याला लागून विहीर, विहिरीपलीकडे गंगू नावाच्या भाजीवालीची पत्र्याची खोली. सकाळी टांग्यांचे घुंगरू आणि मशिदीतली बांग. त्यानंतर भामाच्या चुलीपुढची भाकरीची थापटी.

तिच्या हाताला भाकरीची जातिवंत सवय होती. ऊन पाण्यात पीठ मळायचं, काटवटीत गोळा ठेवायचा आणि एका हातानं थापत थापत तो चंद्रासारखा वाटोळा करायचा. काटवट लाकडाची, आतून खोलगट. त्यामुळे थापटी घुमायची. सावरगावात हा आवाज घराघरातून यायचा, त्याकडे कुणाचं लक्षही जात नसे. इथं मात्र सगळ्या आवारात तो एकटाच होता. बाकी घरी सकाळी भात शिजायचा, आणि भात शिजताना आवाज करत नाही.

एके दिवशी इंदुताई विहिरीवर आल्या. घागर लावता लावता हसून म्हणाल्या, "काय हो भामाबाई, सकाळी सकाळी धोबीघाट सुरू होतो की काय तुमच्याकडे? हे विचारत होते, चादरी कोण बडवतंय म्हणून."

विहिरीवरच्या दोघी-चौघी हसल्या. भामाही हसली. पण घागर घेऊन खोलीत आली तेव्हा तिचे कान तापले होते.

दुसऱ्या दिवशी तिनं भाकरी खाली मान घालून, हळूहळू, जवळजवळ चोरून थापली. ती जाडजूड झाली, कडेला चिरली. तिसऱ्या दिवशी तिनं काटवट भिंतीला उलटी टेकवून ठेवली आणि वर पोतं टाकलं.

रेशनला तेव्हा थोडा तांदूळ आणि थोडी ज्वारी मिळायची. गंगूला चार पोरं, सगळी खादाड. तिला ज्वारी हवी होती, भामाला तांदूळ. विहिरीच्या काठावर सौदा ठरला. भामानं जास्तीची ज्वारी द्यायची आणि गंगूनं त्याच्याहून कमी तांदूळ. गंगू मनातून हरखली होती, पण वरून म्हणाली, "तुझ्यासाठी करायली गं मी. नाहीतर भात कोण सोडतंय?"

हे सगळं निव्वळ लाजेपायी केलं, असं म्हटलं तर भामावर अन्याय होईल. तिच्या माहेरी भात चुलीवर चढायचा तो जावई आला तरच. लहानपणी ती दाराआड उभी राहून पाहायची. पाटावर पाहुणा, ताटात पांढराशुभ्र भाताचा ढीग, त्यावर तुपाची धार. पोरांच्या वाट्याला खरवड यायची. तेव्हापासून पांढरा भात म्हणजे मान, असं तिच्या मनात घट्ट बसलं होतं. आता आपण शहरात आहोत, नवरा सरकारी टोपी घालतो, तर त्याला रोज जावयासारखं जेवू घालावं, यात तिचं काय चुकलं? गिरणीतून पॉलिश होऊन आलेला तो तांदूळ ती तीन-तीनदा धुवायची, दुधासारखं पाणी नितळ निघेपर्यंत. पालेभाजी उकडून तिचं हिरवं पाणी ओतून द्यायची, कारण इंदुताईंच्या घरी तसंच करत. वरण पातळ, भात मोकळा. हिंमतराव जेवायला बसला की ती समोर बसून त्या पांढऱ्या ताटाकडे बघत राहायची.

"भाकरी न्हाई का गं?" असं तो पहिल्या आठवड्यात एकदोनदा म्हणाला. मग त्यानं विचारणं सोडलं.

सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, भारतीय फौज आली. चार-पाच दिवस गल्ली दार लावून बसली होती. मग एका संध्याकाळी एकनाथरावांच्या रेडिओभोवती सगळं आवार गोळा झालं आणि निजामी राज्य संपल्याची बातमी ऐकली. कुणी पेढे वाटले, कुणी गप्प राहिलं. एकनाथराव चष्मा पुसत म्हणाले, "आता कचेरीत इंग्रजी येणार. ह्या वयात पुन्हा शिका!" हिंमतरावाला मात्र एकच प्रश्न पडला होता. राज्य बदललं, आता हंगामी माणसांचं काय होणार?

आणि राज्य बदलून दोन महिने व्हायच्या आत त्याचा पाय धरू लागला.

दिवाळीच्या सुमाराला सुरुवात झाली. पहाटे उठताना उजव्या पोटरीत असा गोळा यायचा की हा तगडा गडी अंथरुणात बसून दात आवळायचा. पोटरी दगडासारखी व्हायची, बोटं वाकडी व्हायची. भामा दोन्ही हातांनी चोळायची, तेव्हा कुठं ती हळूहळू सैल पडायची. डाव्या डोळ्याची पापणी दिवसभर फडफडायची. ड्युटीवरून आला की तो नुसता बसून राहायचा. पूर्वी तालमीत घुमलेला माणूस, पण जिना चढताना मांड्या थरथरतात म्हणाला.

घरात होतं तोवर ठीक होतं. एका दुपारी ते रस्त्यावर झालं. नौबत पहाडाच्या चढावर बस अर्ध्यात असताना समोरून एक टांगा आडवा आला. हिंमतरावानं ब्रेक दाबून गाडी उभी केली आणि तेवढ्यात पोटरीत गोळा आला. पाय ब्रेकवरून निसटला. भरलेली बस मागं सरकू लागली. मागच्या टांग्याचा घोडा दोन पायांवर उभा राहिला. हिंमतरावानं हातब्रेक ओढला आणि कंडक्टर अंबाजीनं खाली उडी मारून चाकामागं दगड सारला. कुणाला खरचटलं नाही. पण डेपोपर्यंत बातमी गेलीच.

डेपोत नवे अधिकारी आले होते, तिकडचे, मद्रासच्या बाजूचे. माणूस कडक, पण सरळ. त्यांनी हिंमतरावाला बोलावून सांगितलं, "संक्रांतीनंतर सगळ्या हंगामी ड्रायव्हरांची परीक्षा आहे. त्याच चढावर गाडी उभी करायची आणि पुन्हा उचलायची. गाडी हातभर जरी मागं आली, तरी घरी जायचं. पास झालास तर पक्का."

घरी म्हणजे कुठं? जळक्या छपराखाली? बैल नाहीत, बी नाही. हिंमतरावानं ही गोष्ट भामाला सांगितली ती जेवण झाल्यावर, हात धुता धुता.   तिनं तेलाची वाटी तेवढी उचलून आणली.

दुसऱ्या दिवशी ती त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथले डॉक्टर वहीदुद्दीन पिकल्या दाढीचे, बारीक आवाजाचे होते. त्यांनी पोटरी दाबून पाहिली, गुडघ्यावर टिचकी मारली, डोळ्याची पापणी बघितली. चिठ्ठी लिहून हिंमतरावाला औषधाच्या खिडकीपाशी रांगेत पाठवलं. भामा उठू लागली तसं ते म्हणाले, "अम्मा, तुम बैठो. पकाते तो तुमीच ना?"

"हौ जी."

"सुबू क्या खिलाते?"

"चावल." भामानं जरा ताठ मानेनं सांगितलं.

"दोपहर कू?"

"चावल."

"रात कू?"

"चावलच. बारीक, सफेद. चांगला धुवून."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गांव कौनसा?" त्यांनी विचारलं. उदगीरकडचं म्हटल्यावर ते मान हलवत हसले. "ज्वार का मुलुक! फिर ज्वार कू क्या हुआ?"

भामा पदर सारखा करत राहिली.

मग त्यांनी तिला सावकाश समजावून सांगितलं. पुट्ठ्याला, म्हणजे स्नायूला, दोन कामं असतात. एक आवळायचं, दुसरं सोडायचं. सोडायला एक क्षार लागतो, त्याचं नाव मॅग्नेशियम. खाण्याच्या मिठासारखं मीठ नव्हे, वेगळं. पोट साफ व्हायला बाटलीतून पांढरं दुधासारखं औषध मिळतं ना, त्यातही तेच असतं. पण ते घेतलं की जुलाब होतो. अन्नातून मात्र ते गुपचूप अंगी लागतं. दाण्याच्या वरच्या सालीत ते असतं, ज्वारीत, बाजरीत, तिळात, शेंगदाण्यात, हरभऱ्यात, हिरव्या पाल्यात. तांदूळ पॉलिश केला की ते कोंड्याबरोबर निघून जातं, भाजीचं पाणी ओतलं की उरलंसुरलं मोरीत जातं. "सफेदी रह गई, जान चली गई," ते म्हणाले.

"यहीच है बोलके मैं कसम नई खाता, अम्मा," डॉक्टरांनी पुढं सांगितलं. "खून में देखने की मशीन मेरे पास नई. मगर महिना भर खिलाके देखो. ज्वार की रोटी, तिल, चने, पाला. चिट्ठी में मलम लिखा है, उससे मत डरो, मलम कुछ नई करता." आणि स्वतःच्याच विनोदावर ते पुन्हा हसले.

दुसरं कुणी असतं तर घरी जाऊन लगेच पीठ मळायला बसलं असतं. भामाला मात्र ते बोलणं झोंबलं. ह्यांनी आपल्याला तोंडावरून ओळखलं, असं तिला वाटलं. गाव विचारलं, आणि लगेच ज्वारी. पेशकारांच्या बाईला असं सांगितलं असतं का? खाकी कपड्यातल्या माणसाची बायको म्हणून ती ताठ मानेनं आली होती, आणि डॉक्टरांनी तिला पुन्हा चुलीपुढं, काटवटीपुढं बसवलं होतं.

बाहेर हिंमतराव मलमाची डबी घेऊन उभा होता. "काय म्हणाले गं डाक्टर?"

"काय न्हाई," ती म्हणाली. "चोळा म्हणाले."

तिनं चोळलं. सकाळ-संध्याकाळ चोळलं. मलमाचा कापरासारखा वास खोलीत भरून राहायचा. हातांखाली ती पोटरी आवळायची, तेव्हा 'सोडायला एक क्षार लागतो' हे डॉक्टरांचं वाक्य तिच्या डोक्यात फिरायचं. ती जास्तच जोरानं चोळायची. एकदा तर तिनं पोत्याखालची काटवट बाहेर काढली, पुसली. बाहेर विहिरीवर इंदुताईंचा आवाज ऐकू आला, आणि तिनं ती परत ठेवून दिली.

अंबाजी अधूनमधून यायचा. बोलघेवडा माणूस. भाताचं ताट बघून म्हणायचा, "वैनी, दादाला काय बारशाला बसवलंय का? हे पांढरं पांढरं खाऊन माणूस गाडी हाकंल का पाळणा?"

"तुम्हाला काय करायचंय? तुम्ही तिकिटं फाडा."

"फाडतोच की. पण दादा घरी गेला तर माझ्या नशिबी तो दुसरा ड्रायव्हर येणार. त्यो गाडी अशी हाकतोय की पाशिंजर आधी देवाचं नाव घेतंय, मग तिकीट."

हिंमतराव हसला. पण हसताना त्याची पापणी फडफडली, ती भामानं पाहिली.

डिसेंबर संपत आला. येळवस जवळ आली. उदगीर, लातूर, बिदर ह्या पट्ट्यात वेळ अमावास्येचा हा सण दिवाळीपेक्षा मोठा मानतात. सगळा गाव शेतात जातो. कडब्याची खोपटासारखी कोप उभारतात, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून पुजतात आणि मग जेवण. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, सगळ्या हिरव्या दाण्यांची दाट भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, तीळ-शेंगदाण्याच्या पोळ्या. रीत अशी की त्या दिवशी शेतात येईल त्याला जेवायला बसवायचं. ओळखीचा असो-नसो, कुणी विचारत नाही.

"भामा," हिंमतराव म्हणाला, "परवा येळवस हाय."

"हितं कुठलं शेत?"

"शेत नसंल. आंबील तर करशील? जिभेला त्याची चव न्हाई बघ किती दिवस."

"आंबील, उंडे… गल्ली काय म्हणंल? मी खीर करते तांदळाची."

 हिंमतराव हळू आवाजात म्हणाला, "कर खीर. पुढची येळवस गावातच हाय आपली. गाडी काय माझ्यानं उभी ऱ्हात न्हाई आता. काल डेपोत पायरीवरच पाय धरला. सगळ्यांनी बघितलं."

भामानं हातातलं सूप बाजूला सारलं. आणि जे बोलायचं नव्हतं ते ती भडाभडा बोलून गेली. डॉक्टरांनी काय सांगितलं, ज्वारी, तीळ, पालेभाजीचं पाणी, ते मॅग्नेशियम का काय ते. तिनं गंगूला किती ज्वारी दिली, काटवटीवर पोतं का टाकलं. धोबीघाट.

हिंमतराव ऐकत होता. 

"म्हंजी," तो अखेर म्हणाला, "माझा पाय गेला तरी चालंल. पर गल्लीत थापटी ऐकू येऊ नये. व्हय?"

"तसं न्हाई वो…"

"मग कसं?"

 भामानं पदर तोंडाला लावला. "माझ्या आईनं माझ्या बापाला जलमात कधी पोटभर भात घातला न्हाई," ती म्हणाली. "पावण्याला घालायची. मला वाटलं, तुम्हाला मी रोज घालीन."

हिंमतराव उठला. दाराशी गेला, परत आला. मग कोपऱ्यात जाऊन त्यानं पोतं उचललं आणि काटवट तिच्यापुढं आणून ठेवली. ठेवताना ती मुद्दाम आदळली की हातातून निसटली कोण जाणे, पण आवाज मोठा झाला.

येळवशीच्या दिवशी पेरूच्या झाडाखाली भामानं पाच दगड मांडले. इंदुताईंना आधी विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "मांडा की, झाडाला कशाची मनाई आहे?" बेगम बाजारातून अंबाजीनं बाजरी, तीळ, हिरवा हरभरा, तुरीच्या शेंगा आणून दिल्या. सकाळपासून ती चुलीपुढं होती. आंबील झाली, भज्जी झाली. भज्जीतलं पाणी एक थेंबही तिनं ओतलं नाही. मग ती भाकरीला बसली. पहिला गोळा काटवटीत ठेवला, डोळे मिटले आणि थापायला सुरुवात केली. थप थप थप. आवाज भिंतींवरून परत आला.

इंदुताई दारातून बाहेर आल्या. "अरे वा! पुन्हा सुरू झाला का आवाज? मी ह्यांना म्हणतच होते, भामाबाईंचं पीठ संपलं की हात दुखतोय म्हणून. मला तर त्या आवाजाची सवय झाली होती. सकाळी जागच येईना!"

भामा त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुम्हीच तर म्हणाला होता…"

"काय म्हणाले?"

"धोबीघाट."

"मी? केव्हा?" इंदुताईंनी खरोखर आठवून पाहिलं. "असेन म्हणाले. मला काय, तोंडाला येईल ते बोलते. हे हमेशा म्हणतात, तुझ्या जिभेला लगाम नाही. त्याचं काय एवढं?"

काय एवढं! भामाला हसावं की रडावं कळेना. इतके महिने ज्या वाक्यानं तिची चूल बदलली होती, ते बोलणाऱ्या बाईच्या लक्षातही नव्हतं.

त्या दुपारी सगळं आवार पेरूखाली जेवलं. एकनाथरावांनी आंबिलीचे दोन वाडगे घेतले आणि "लाजवाब" म्हणाले. गंगूची पोरं उंड्यांवर तुटून पडली. गंगू मात्र फुगून बसली होती.

"आता ज्वारी देणार न्हाईस म्हण की."

"कशी देऊ? आता घरातच लागती."

"मग माझ्या पोरांनी काय खायचं? सवय तू लावलीस. तुझ्या ज्वारीनं बघ कशी वळू झालीत!"

"त्यांना आता भात घाल," अंबाजी तोंडात घास असताना म्हणाला. "पोटरीत गोळे आले की गप बसतील."

पुढं कितीतरी वर्षांनी, भामाबाई कुकटपल्लीला नातवाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या, तेव्हा नातसून एकदा गोळ्यांची बाटली घेऊन आली. "आज्जी, ये रोज एक लेना. डॉक्टर बोले. मॅग्नेशियम बोलते इसको," ती हैदराबादी बोलीत समजावू लागली. भामाबाई म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्याच्या जन्माआधीपासून मला ठाऊक हाय ते." नातसुनेला वाटलं, म्हातारी भ्रमली. गोळी भामाबाईंनी घेतली, त्याला त्यांची ना नव्हती. फक्त त्यांना त्या पिकल्या दाढीच्या डॉक्टरांची आठवण झाली. ते पुढं लवकरच शहर सोडून मुलाकडे गेले होते, आणि त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले होते.

पण ती फार पुढची गोष्ट. येळवस झाली आणि परीक्षेला दोन-अडीच आठवडे उरले. डॉक्टर महिना म्हणाले होते. भामानं जो हात सैल सोडला तो सोडलाच. सकाळी भाकरी आणि मेथी, दुपारच्या डब्यात भाकरी आणि तिळाची चटणी, संध्याकाळी भाकरी आणि हरभऱ्याची आमटी. संक्रांतीला तिळाचे लाडू केले ते हिंमतरावाच्या खाकी खिशात कोंबले. मलमाची डबी फळीवर वाळून गेली.

पापणी आधी थांबली. मग एका पहाटे हिंमतराव उठला, न्हाणीघरात जाऊन आला, आणि भामाच्या लक्षात आलं की आज आपण तेलाला हात लावला नाही. तिनं तोंडातून शब्द काढला नाही, दृष्ट लागेल म्हणून. दोन दिवसांनी पुन्हा गोळा आला. तसा लहान, पण आला. म्हणजे भरवसा नव्हता.

परीक्षेच्या सकाळी हिंमतराव ताटातली शेवटची भाकरी अर्धी ठेवून उठला.  तो गेला आणि भामा खोलीत थांबूच शकली नाही. तिनं डोक्यावरून पदर घेतला, इंदुताईंना सांगितलं, "आबिडसला जाऊन येते," आणि निघाली. आबिडसची काचेची दुकानं, पोस्टाची इमारत, सगळं मागं टाकून ती चालत राहिली, थेट नौबत पहाडाच्या पायथ्यापर्यंत. तिथं चिंचेखाली ती उभी राहिली.

एकामागून एक बस येत होत्या. एक अर्ध्यात उभी राहिली आणि घसरली. ड्रायव्हर खाली उतरून टोपी हातात घेऊन उभा राहिला. तो कोण होता तिला माहीत नव्हतं, पण तिनं मान वळवली. दुसरी गाडी गेली, ठीक गेली. तिसऱ्या गाडीच्या पाठीमागच्या दारात अंबाजी दिसला.

गाडी चढाला लागली. अर्ध्यावर अधिकाऱ्यांचा हात बाहेर आला आणि गाडी थांबली. इंजिन गुरगुरत होतं. भामा मागच्या चाकाकडे टक लावून बघत होती. चाक हललं नाही. अधिकारी मुद्दाम थांबवून ठेवत होते. आता पोटरी आवळेल, आता पाय निसटेल. अंबाजी दारात दोन्ही हातांनी दांडी धरून उभा, बाहेर उडी मारायला बंदी होती त्याला. मग धुराचा एक लोट निघाला, चाक फिरलं, आणि ते पुढंच फिरलं. गाडी चढून माथ्यापलीकडे गेली.

परतीला गाडी खाली आली आणि चिंचेपाशी थांबली. हिंमतरावानं खिडकीतून डोकं काढलं. "तू हितं काय करायलीस?"

"काय न्हाई. आबिडसला आले होते."

"आबिडस तिकडं ऱ्हायलं."

अधिकाऱ्यांनी विचारलं, "कौन है?"

"घरवाली है साब," उत्तर अंबाजीनंच दिलं. "इसकी भाकरी पे गाडी चलती."

अधिकारी किंचित हसले. हातातल्या कागदावर सही करून ते उतरले आणि हिंमतरावाला म्हणाले, "सोमवार से पक्का. लेकर जाओ घर."

"टिकट?" अंबाजी भामासमोर हात पसरून म्हणाला.

"त्या पेरूखाली तीन वाडगे आंबील प्यालात, त्यात आलं तिकीट," भामा म्हणाली आणि गाडीत चढली. नवऱ्याच्या गाडीत ती पहिल्यांदाच बसत होती. सगळी बाकं रिकामी होती. ती अगदी पुढं, ड्रायव्हरच्या मागच्या जाळीला लागून बसली. जाळीतून त्याची पाठ दिसत होती आणि खाली, पायघोळ खाकीतला, उजवा पाय. गाडी सुरू झाली. टांगा आला की पाय दाबला जायचा, टांगा गेला की सुटायचा. दाबला, सुटला. गौलीगुड्याचं वळण येईपर्यंत भामानं खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नाही.